द्विलक्षी ते दुहेरी नोंदणी : उच्च माध्यमिक व्यवसाय शिक्षणाच्या रचनेची चिकित्सा
(औरंगाबाद परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील देवगिरी, विवेकानंद, सरस्वती भुवन, मौलाना आझाद यांसारख्या महाविद्यालयांच्या फाटकातून रोज दोन प्रकारचे विद्यार्थी आत येतात. एक पदवीचा आणि दुसरा अकरावी-बारावीचा. दोघांची संस्था एक, आवार एक. उपाहारगृह आणि सायकलतळ तर नक्कीच एक. तरीही यातील दुसरा विद्यार्थी कागदोपत्री महाविद्यालयाचा नसतो. त्याचा अभ्यासक्रम व परीक्षा राज्य मंडळाची, त्याचे शिक्षक शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील. पहिल्याचे सर्व व्यवहार विद्यापीठाकडे आणि उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. कनिष्ठ महाविद्यालय नावाची ही व्यवस्था महाराष्ट्राची खास निर्मिती होय. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर राज्याने १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला, १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातील पहिली दहावीची परीक्षा झाली आणि मधली दोन वर्षे शाळेकडे द्यावीत की महाविद्यालयाकडे, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी जागेच्या सोयीने दिले गेले. जागा महाविद्यालयात होती.

शालेय वयातील विद्यार्थ्याने महाविद्यालयीन स्तराचा अभ्यास करावा, त्याचे श्रेय त्याला शाळेत व महाविद्यालयात असे दोन्हीकडे मिळावे आणि तो अभ्यास एखाद्या व्यवसायाच्या वाटेशी जोडलेला असावा, या कल्पनेची चर्चा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे नव्याने होऊ लागली आहे. अमेरिकेत तिला दुहेरी नोंदणी म्हणतात. आपल्याकडील चर्चेत ती बहुधा परदेशातून आणावयाची नवी वस्तू म्हणून मांडली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. महाराष्ट्राने या कल्पनेचे अर्धे घर चार दशकांपूर्वीच बांधले; भिंती उभ्या राहिल्या, परंतु एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारे दार ठेवले गेले नाही. द्विलक्षी अभ्यासक्रम आणि किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) यांच्या रचनेची चिकित्सा त्यासाठी आवश्यक ठरते. कारण नवा श्रेयांक आराखडाही त्याच घरात नांदावयाचा आहे.

'दुहेरी' या शब्दाचे तीन अर्थ

व्यवसाय शिक्षणाच्या संदर्भात दुहेरीपणाची कल्पना तीन निरनिराळ्या अर्थांनी वावरते आणि आपल्याकडील पुष्कळसा गोंधळ हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे निर्माण झाला आहे.

जर्मन पद्धतीत दुहेरीपणा आहे तो कारखाना आणि व्यवसाय शाळा यांचा. विद्यार्थी आठवड्यातील काही दिवस कामावर असतो, काही दिवस वर्गात. त्याचा करार कारखान्याशी असतो. अमेरिकी पद्धतीत दुहेरीपणा दोन शिक्षणसंस्थांचा आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४ मध्ये एक माध्यमिक शाळा उघडली गेली. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये कायदा करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात जाऊन अभ्यास करण्याची मुभा दिली. २०११ मध्ये ब्रुकलिन येथे शाळा, सिटी युनिव्हर्सिटी आणि आयबीएम कंपनी यांनी मिळून सहा वर्षांचा एकसलग अभ्यासक्रम उभा केला. शालान्त प्रमाणपत्र आणि सहयोगी पदवी या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वाटेवर मिळतात. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत अशा रीतीने महाविद्यालयीन विषय घेणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २५ लाख होती. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. इकडचा एक, तिकडचा एक असे सुटे श्रेयांक गोळा होतात, त्यांतून कोणतीही वाट तयार होत नाही आणि या सवलतीचा लाभ मुख्यतः आधीच सुस्थित असलेल्या घरांतील मुलांना होतो, अशी टीका तेथील अभ्यासकांनीच केली आहे.

तिसरा अर्थ महाराष्ट्राचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्याने सुरू केलेल्या अभ्यासक्रमाला 'द्विलक्षी' हे नाव मिळाले. येथे संस्था एकच आणि लक्ष्ये दोन : उच्च शिक्षण हे एक, रोजगार हे दुसरे. दोन्ही लक्ष्ये एकाच गुणपत्रिकेत बसविण्यात आली. जर्मन मुलाला दुसरीकडे कारखाना भेटतो, अमेरिकी मुलाला महाविद्यालय भेटते. महाराष्ट्रातील द्विलक्षी विद्यार्थ्याला दुसरीकडे कोणीच भेटत नाही. हा फरक वरकरणी लहान वाटतो, तथापि पुढील सर्व परिणाम त्यातूनच निघालेले दिसतात.

द्विलक्षी अभ्यासक्रम : गुण मोजले, शिकलेले मोजले नाही

विज्ञान शाखेचा विद्यार्थी द्विलक्षी विषय घेतो तेव्हा दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय येतो. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, स्कूटर व मोटारसायकल सर्व्हिसिंग, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय, मत्स्यव्यवसाय अशी त्यांची यादी आहे. वाणिज्य शाखेसाठी बँकिंग, कार्यालयीन व्यवस्थापन यांसारखे विषय आहेत. कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयात २०० पैकी १०० गुण लेखी आणि १०० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रात्यक्षिकाला लेखी परीक्षेइतकेच वजन देणारी ही योजना तिच्या काळाच्या मानाने धाडसाची होती, हे मान्य केले पाहिजे.

तिचे पुढे काय झाले हे कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिल्यास समजते. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स या विषयांसाठी गुणवत्ता यादी वर चढत गेली. स्कूटर सर्व्हिसिंग वा मेकॅनिकल मेंटेनन्सला अशी चढाओढ क्वचितच लाभली. अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हिशेब केला : मराठी वा हिंदी सुटते, जीवशास्त्र सुटते, प्रात्यक्षिकाचे गुण भरघोस पडतात आणि वाचलेला वेळ भौतिकशास्त्र-गणिताला देता येतो. या हिशेबात विद्यार्थ्याचे काहीही चुकले नाही. रचनेने त्याला जे बक्षीस देऊ केले ते त्याने घेतले. मातृभाषेचा त्याग करून व्यवसाय शिक्षण घ्यावे आणि व्यवसायात न जाता पुढे निघून जावे, असा मात्र या योजनेचा प्रत्यक्ष अर्थ होऊन बसला. मराठीच्या अध्यापकांच्या कार्यभारावर याचा झालेला परिणाम हा स्वतंत्र, आणि अनेकांच्या जिव्हाळ्याचा, विषय आहे.

येथे एक तपशील निर्णायक आहे. अभियांत्रिकी पदवी प्रवेशाच्या पात्रतेत भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य असून त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक व्यवसाय विषय यांपैकी एकाचे गुण धरता येतात. म्हणजे द्विलक्षी विषयाला पुढील शिक्षणात मान्यता आहेच. परंतु ही मान्यता गुणांपुरती आहे. दोन वर्षे इलेक्ट्रॉनिक्सची मंडले जोडलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दाखल झाला की मूलभूत इलेक्ट्रॉनिक्सचा विषय त्याला पहिल्या ओळीपासून पुन्हा बसून ऐकावा लागतो. शेजारच्या बाकावर कधीच सोल्डरिंगची कांडी हातात न घेतलेला विद्यार्थी असतो आणि दोघांचे वेळापत्रक एकच असते. त्याने आधी काय शिकले आहे, हे विचारण्याची तरतूद प्रवेश अर्जात नाही, अभ्यासक्रमात नाही आणि विद्यापीठाच्या अध्यादेशांतही ती सहसा आढळत नाही. व्यवसाय विषय हा प्रवेशाचा परवाना ठरला आणि परवाना दाखवून झाल्यावर तो खिशात जातो, तसे त्याचे झाले.

अंमलबजावणीतील उणिवांची चर्चा या संदर्भात नेहमी होते. यंत्रसामग्री जुनी, निदेशकांची पदे रिक्त, कच्च्या मालाला अनुदान अपुरे. या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही यंत्रसामग्री अद्ययावत असती आणि निदेशक पुरेसे असते, तरी वर सांगितलेला हिशेब बदलला नसता. उत्तम इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला विद्यार्थीही पहिल्या वर्षात त्याच बाकावर बसला असता.

एमसीव्हीसी : उपेक्षितांचा अभ्यासक्रम आणि त्याचे एक दार

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ च्या कृती कार्यक्रमाने याच टक्केवाऱ्यांसाठी अनुक्रमे १९९५ आणि २००० ही साले दिली. (कोठारी आयोगाची अपेक्षा तर याहून कितीतरी मोठी, जवळपास निम्म्या विद्यार्थ्यांची होती. आपल्याकडे उद्दिष्ट पुरे न होता त्याची तारीख पुढे सरकते, याचे हे एक ठळक उदाहरण.) १९८८ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना आली आणि तिच्या आधाराने महाराष्ट्रात एमसीव्हीसी रुजला. भाषा, सामान्य पायाभूत विषय, व्यवसायाच्या तीन विषयपत्रिका आणि प्रत्यक्ष कार्यस्थळी प्रशिक्षण अशी त्याची बांधणी होती. पुढे नावे बदलली, 'एचएससी व्होकेशनल' हे नाव आले. समाजाच्या मनातील प्रतिमा मात्र बदलली नाही. दहावीला कमी गुण पडलेल्यांनी घ्यावयाचा अभ्यासक्रम, अशीच ती राहिली.

गंमत अशी की पुढील संस्थेने शिक्षण मोजून घेण्याची जी गोष्ट प्रतिष्ठित द्विलक्षी अभ्यासक्रमाला लाभली नाही, ती या उपेक्षित अभ्यासक्रमाला लाभली. तंत्रनिकेतनांनी व्यवसाय शाखेच्या बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश दिला. विज्ञान शाखेच्या सामान्य विद्यार्थ्यालाही हे दार खुले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा व्यवसाय शाखेचा विद्यार्थी त्या दारातून जातो तेव्हा कार्यशाळेत घालविलेल्या त्याच्या तासांना एका वर्षाचे मोल मिळते. शिवाय १९८६ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियमात दुरुस्ती होऊन व्यवसाय शाखेच्या बारावी उत्तीर्णांसाठी शिकाऊ उमेदवारीचा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. म्हणजे पुढे शिकण्याची वाट आणि कारखान्याची वाट, दोन्ही कायद्याने मोकळ्या होत्या.

मग विद्यार्थी का आले नाहीत? प्रतिष्ठा हे उत्तर खरे असले तरी पुरे नाही. वर्षांची साधी बेरीज करून पाहावी. दहावीनंतर थेट पदविकेला गेलेला विद्यार्थी तीन वर्षांनी पदविका घेतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवून आणखी तीन वर्षांनी पदवीधर होतो. एकूण सहा वर्षे. बारावी विज्ञान करून पदवीला गेलेल्यालाही दोन अधिक चार अशी सहाच वर्षे लागतात. एमसीव्हीसीच्या विद्यार्थ्याला मात्र दोन वर्षे बारावीची, दोन वर्षे उरलेल्या पदविकेची आणि तीन वर्षे पदवीची, अशी सात वर्षे द्यावी लागतात. दोन वर्षे शिकून त्याच्या खात्यात एकच वर्ष जमा झाले. ज्या घरात थोरल्या मुलाच्या पगाराची वाट पाहिली जाते, त्या घराला हे एक वर्ष परवडत नाही. ज्यांना वर्ष परवडते, ती घरे एमसीव्हीसीकडे फिरकत नाहीत. प्रतिष्ठेच्या अभावाची जी चर्चा केली जाते तिच्या मुळाशी अशी रोकडी वजाबाकी आहे आणि पालक ती अचूक करतात.

तांत्रिक विद्यालय केंद्रांचा जवळजवळ विसरला गेलेला अनुभवही येथे ध्यानात घ्यावा लागेल. विद्यार्थ्याचे नाव एका माध्यमिक शाळेत आणि कार्यशाळेचे तास शासकीय तांत्रिक विद्यालयाच्या केंद्रात, अशी व्यवस्था राज्यात होती. ठरलेल्या दिवशी मुले केंद्रात जात, कानस चालवीत, सुतारकामाचे सांधे जुळवीत आणि तांत्रिक विषयाचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत येत. एकाच मुलाने दोन संस्थांत शिकावे, यात प्रशासनाला काही अशक्य नव्हते, एवढे तरी यावरून सिद्ध होते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमानेही मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांत नेला. मुलांनी गावातील लोकांना उपयोगी पडतील अशी खरी कामे करून शिकावे, हे त्याचे सूत्र होते.

औरंगाबाद : जवळ असूनही दूर

या रचनेची परीक्षा घ्यावयाची तर औरंगाबादइतके योग्य ठिकाण मराठवाड्यात दुसरे नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे पसरले. चिकलठाण्याची वसाहत त्याआधीची. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील 'ऑरिक' उभे राहिले असून, जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार राज्य शासनाशी केला. शिक्षणाच्या बाजूला शासकीय तंत्रनिकेतन, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, जर्मन सहकार्यातून उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूम आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील कौशल केंद्र, हे सारे एकाच शहरात आहे. कनिष्ठ महाविद्यालयांची तर गणतीच नको.

परंतु यातील प्रत्येक संस्था वेगळ्या विभागाला उत्तर देते. कनिष्ठ महाविद्यालय शालेय शिक्षणाकडे. त्याच्याच आवारातील व्यवसाय अभ्यासक्रम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत कौशल्य विकास विभागाकडे. त्याची परीक्षा पुन्हा राज्य मंडळाकडे. तंत्रनिकेतन तंत्रशिक्षण मंडळाकडे, पदवी विद्यापीठाकडे आणि टूल रूम केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे. शहराच्या नकाशावर जी अंतरे रिक्षाने काटता येतात, ती मंत्रालयात काटावयाला वर्षे लागतात. विद्यार्थ्याला मात्र रिक्षाचे अंतरही लहान नसते. जालना रस्त्यावर शेंद्रा, विरुद्ध दिशेला अहिल्यानगर रस्त्यावर वाळूज, पैठण रस्त्यावर बिडकीन. फुलंब्री किंवा खुलताबादहून एस.टी.ने शहरात येणाऱ्या मुलीने सकाळी कनिष्ठ महाविद्यालय, दुपारी टूल रूम आणि अंधार पडायच्या आत घर, हे गणित कसे जमवावे, याचा विचार कागदावरील कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. एस.टी.चा सवलतीचा पास घर ते शिक्षणसंस्था अशा एका मार्गाचा असतो. दुहेरी नोंदणीची योजना आखणाऱ्यांनी पहिला कागद कदाचित विभाग नियंत्रकांकडे पाठवावा लागेल.

वयाचा प्रश्न याहून कठीण आहे. बाल व किशोरवयीन कामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक व्यवसायांत व प्रक्रियांत कामास ठेवता येत नाही. शिकाऊ उमेदवारीचे किमान वय १४ असले तरी धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी ते २०१४ च्या दुरुस्तीने १८ करण्यात आले. हे निर्बंध योग्यच आहेत. प्रेस शॉपमध्ये बोटे गमावलेले कामगार वाळूजच्या वस्त्यांना अपरिचित नाहीत. तेव्हा सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याचा कारखान्याशी येणारा संबंध यंत्रावरील उत्पादनाचा असू शकत नाही. तो मापनशाळेचा, आरेखनाचा, गुणवत्ता तपासणीचा, सीएनसी आज्ञावलीच्या सरावाचा असू शकतो आणि त्याची स्वाभाविक जागा तंत्रनिकेतनाची वा टूल रूमची कार्यशाळा ही आहे. औरंगाबादपुरते बोलायचे तर जर्मन अर्थाचा दुहेरीपणा अठराव्या वर्षानंतर आणि अमेरिकी अर्थाचा त्याआधी, असा क्रम कायद्यानेच जवळजवळ आखून दिला आहे. उद्योग-शिक्षण समन्वयाच्या सभांमध्ये हा क्रम सर्रास विसरला जातो आणि अकरावीच्या मुलांना एक दिवस कारखाना दाखवून आणला की 'इंडस्ट्री कनेक्ट' झाल्याचा अहवाल पाठवला जातो.

कोणाची मुले, कोणती वाट

व्यवसाय शिक्षणाविषयीचा एक रास्त संशय या प्रदेशाच्या इतिहासात आहे आणि तो टाळून रचनेची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात घालण्याचे ते आधुनिक नाव तर नव्हे, असा तो संशय. १९५३ मध्ये मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या प्राथमिक शिक्षण योजनेला झालेला विरोध याच कारणासाठी होता. महाराष्ट्राच्या परंपरेत मात्र या प्रश्नाचे अधिक सूक्ष्म उत्तर सापडते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तत्कालीन शिक्षण व्यवहारी जीवनाला निरुपयोगी असल्याचे सांगून शेतकी व उपयुक्त कलांच्या शिक्षणाची मागणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाकरिता शिष्यवृत्त्या मागितल्या आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांमधून उमेदवारीची संधीही मागितली. विद्यापीठ आणि कार्यशाळा या दोन्ही मागण्या एका कागदावर होत्या. एकीच्या बदल्यात दुसरी सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची दुसरी सोय जवळजवळ नव्हती, ही गोष्टही या संदर्भात आठवावी.

द्विलक्षी आणि एमसीव्हीसी यांनी या दोन मागण्यांची फारकत केली. पहिल्याने विद्यापीठ दिले आणि कार्यशाळा नावापुरती ठेवली. दुसऱ्याने कार्यशाळा दिली आणि विद्यापीठाची वाट एका वर्षाने लांबविली. कोणत्या घरातील मुले कोणत्या अभ्यासक्रमात गेली, याची वर्गवारी एखाद्या महाविद्यालयाने आपल्या जुन्या प्रवेश नोंदवह्यांवरून केली तर ती कोणत्याही शासकीय अहवालाहून बोलकी ठरेल. संशोधनाचा हा विषय प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात पडून आहे.

नवा आराखडा, जुने घर

२०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत ते ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याची आकडेवारी त्याच दस्तऐवजात आहे. २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे विनियम आले, २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, वर्षाला ४० श्रेयांक आणि शाळेपासून पीएच.डी.पर्यंत स्तरांची एक शिडी. शालेय शिक्षण प्रथमच त्याच मोजपट्टीवर आले, ही या आराखड्याची खरी कामगिरी होय.

परंतु शिडीवर बारावीचा स्तर ४ आहे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा ४.५. खालच्या पायरीवर मिळविलेला श्रेयांक आपोआप वरच्या पायरीवर चढत नाही. तो स्वीकारावयाचा की नाही, हे प्रवेश देणारी संस्था ठरविते. दुहेरी नोंदणीचा गाभा मात्र नेमका एकाच अभ्यासाची दोन्ही पायऱ्यांवर नोंद होण्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली, तीही बारावीनंतरच्यांना. बी.व्होक.च्या मार्गदर्शक तत्त्वांत शाळेत स्तर ४ चे प्रमाणपत्र मिळवून त्याच व्यवसायात आलेला विद्यार्थी वेगळ्या वर्गात धरला आहे, हे स्वागतार्ह. मात्र त्याची पदवीही तीन वर्षांचीच राहते. पासबुक छापले गेले आहे, पैसे जमा करून घेणारी शाखा अद्याप उघडायची आहे, असे या सर्व व्यवस्थेचे वर्णन करता येईल.

शाखा उघडण्यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयाने आणि एका तंत्रनिकेतनाने इलेक्ट्रॉनिक्सच्या द्विलक्षी विषयातील प्रात्यक्षिके व पदविकेच्या पहिल्या वर्षातील प्रात्यक्षिके समोरासमोर ठेवून पाहावीत. जेवढी जुळतात तेवढ्यांची परीक्षा दोघांनी मिळून घ्यावी आणि त्यात उत्तीर्ण झालेल्याला पुढे तो भाग पुन्हा करावा लागणार नाही, असे प्रवेशापूर्वी लेखी द्यावे. 'प्रवेशापूर्वी' आणि 'लेखी' हे दोन शब्द यात महत्त्वाचे. नंतर विचारार्थ ठेवलेल्या सवलतीवर कोणताही पालक मुलाची दोन वर्षे लावणार नाही. वाचलेल्या तासांत त्या विद्यार्थ्याने काय करावे, हेही तेथेच ठरले पाहिजे. अन्यथा तो वेळ खासगी शिकवणीकडे जाईल. अकरावी-बारावीचे विज्ञान वर्ग हजेरीपटावर भरलेले आणि प्रत्यक्षात रिकामे असतात, हे आता गुपित राहिलेले नाही. आणि 'लातूर पॅटर्न'च्या प्रदेशात बारावीच्या दोन वर्षांवरील शिकवणीवर्गांचा दावा कोणत्याही धोरणाहून बलवान आहे.

शिक्षकांच्या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती कल्पनेपेक्षा बरी आहे. अमेरिकेत शाळेतील शिक्षकाने महाविद्यालयीन विषय शिकवावयाचा तर त्याच्याकडे सामान्यतः पदव्युत्तर पात्रता असावी लागते आणि तेथील अनेक शाळांचे घोडे याच अटीपाशी अडते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील विषय शिक्षक पदव्युत्तर पदवीधारक असतोच. त्यांपैकी अनेकांनी एम.फिल., पीएच.डी., नेट, सेट या पायऱ्याही चढलेल्या आहेत. वरिष्ठ विभागाच्या अभ्यास मंडळात त्याला जागा नाही आणि वरिष्ठ विभागातील प्राध्यापकाने कनिष्ठ वर्गावर तास घेतला तर तो कार्यभारात धरला जात नाही. दोघांच्या स्टाफरूम बहुधा वेगळ्या असतात. त्यामागे वेतनश्रेणींचा जो जुना सल आहे, त्याची चर्चा शैक्षणिक नियतकालिकांतून क्वचितच होते, स्टाफरूममध्ये मात्र रोज होते.

याच सुमारास २०२० च्या धोरणातील ५+३+३+४ हा आकृतिबंध नववी ते बारावी हा एक सलग टप्पा मानतो आणि अकरावी-बारावीचे वर्ग शाळांकडे नेण्याची दिशा सुचवतो. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येईल. परंतु इतर राज्यांना शाळा व महाविद्यालय यांना जोडण्यासाठी जे अंतर कापावे लागते, ते महाराष्ट्रात जागेच्या अडचणीमुळे का होईना १९७५ पासून कापलेलेच आहे. सतरा वर्षांचा विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारापाशी उभा आहे. वर्ग शाळांकडे नेण्याचा प्रस्ताव संस्थाचालकांच्या टेबलावर येईल तेव्हा तुकड्या, अनुदान आणि अतिरिक्त शिक्षक यांचे हिशेब होतीलच. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ही प्रयोगशाळा कोणत्या क्रमांकावर असेल, हे महाविद्यालयांच्या अध्यापकांनी आधीच विचारून ठेवावयास हवे.